दार लागलं की लावलं

१२ जानेवारी १९९७. निरवांगी

नामाची गाडी शेवटी आली. मुंबई बंदरात अडकून पडली होती. कागद, शिक्के, पुन्हा कागद. इतकी वर्षं नैरोबीत नोकरी करून धाकटा भाऊ कायमचा घरी परतला आणि बरोबर आणलं काय, तर एक हिरवी विलायती गाडी. जंगलातनं, नदीनाल्यातनं जाणारी. जीप म्हटलेलं त्याला खपत नाही. गाव जीपच म्हणणार.

कुसुम दारातून: "दादा, तुमच्या भावाला म्हटलं दोन पाटल्या करा. तर ही केली."

आबांनी काठी टेकत गाडीभोवती फेरी मारली. बैल बघताना मारायचे तशीच. म्हणाले, "खुरं बरी हायती."

अंगणात लिंबाखाली लावून आम्ही चहाला बसलो, तर बाहेर फुस्स. बघतो तर गाडी सावकाश खाली बसतेय. आत कुणी नाही, किल्ली नामाच्या खिशात. सगळे उठून उभे. नामा मात्र बशीत चहा ओतत हसतोय.

आबा: "हा उंट हाय."

१३ जानेवारी

सकाळी गाडी कालच्याहून खाली. नामाला विचारून घेतलं. बातमीदाराची खोड, समजल्याशिवाय चैन नाही. स्प्रिंगा नाहीतच. चार चाकांवर चार रबरी फुगे, त्यांत हवा. कुठल्या फुग्यात किती हवा ते एक डबा ठरवतो. गाडी बंद करून ठेवली तरी तो डबा अधूनमधून आपोआप जागा होतो, चारी कोपरे बघतो. एखादा खाली गेला असेल तर बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवतो.

"खालचा वर का नाही उचलत?"

"इंजिन बंद असतं ना, दादा. उचलायला हवा कुठनं आणणार? सोडून देणं तेवढं जमतं."

आबा ऐकत होते. "कळपाचं बी तसंच. एक मेंढरू बसलं का सगळी बसत्यात. उठवायचं म्हंजी हाक घालावी लागती."

दु. च्या एस.टी.ने बारामतीला परत. मजकूर द्यायचा होता.

२६ जानेवारी. निरवांगी

आबांनी आज नामाला संडासात कोंडला.

आमच्या बापाचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवस मावळला की वाघरीची जाळी उभी करायची, कळप आत घ्यायचा, तोंड बांधायचं आणि बांधलंय का ते पुन्हा जाऊन बघायचं. आता कळप नाही. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, दारात चार शेळ्या उरल्या. पण हात तोच. उघडं दिसलं की लावणार. बारामतीला आमच्याकडे आले की आमच्या हिचा, इंदूचा, हात फ्रिजमध्ये असतानाच हे दार ढकलतात.

आज संडासाचं दार किलकिलं दिसलं, घातली बाहेरून कडी. आतून नामा: "आबा, मी हाय आत!"

आबा कडीला हातही न लावता: "मंग आदी आरडायचं न्हाय व्हय!"

कुसुमला हसू आवरेना. म्हणाली, "आबा, लावायच्या आधी आत कोण हाय ते बघत जावा की."

"बघून लावाय बसलू असतू तर लांडग्यानं पोरं खाल्ली असती माजी."

खूप दिवसांनी या घरात एवढं हसणं.

१६ फेब्रुवारी. निरवांगी

गाडीचा मागचा डावा कोपरा सकाळी पार बसलेला असतो. आणि बाकीचे तीन त्याच्यासोबत. नामा म्हणतो, फुगा कुठेतरी चिरलाय. नवा इंग्लंडहून मागवला. कधी येईल सांगता येत नाही.

बारामतीहून सलीमला बरोबर आणलं होतं. टायर-पंक्चरचं दुकान, आमची जुनी ओळख. त्याने वाकून एकदा बघितलं आणि हात झटकले. "दादा, आपुन हिच्या खाली जात न्हाय. जी गाडी आपल्या मनानं बसती, तिच्या पोटाखाली कोण झोपंल?"

नामा म्हणाला, "अरे, दार उघडं ठेवायचं एक. दार उघडं असलं की डबा गप. त्याला वाटतं माणूस चढतोय-उतरतोय. दार लागलं की मग तो कामाला लागतो." करून दाखवलं. स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडं, गाडी हलत नाही. लावलं, फुस्स, बसायला लागली. मध्येच उघडलं, थांबली. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. पन्नाशीचा माणूस पोरासारखा खेळत होता.

सलीम: "दार ऱ्हाऊ दे हो, साहेब. खाली ठोकळे घाला ठोकळे."

"साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायचे. त्याला ठोकळे कशाला?"

आबा बाजेवर होते. ऐकत होते की डोळा लागला होता, कळलं नाही.

२ मार्च

नामा गेला.

४ मार्च. निरवांगी

लिहून ठेवतो. नाहीतर उलटसुलट होईल.

परवा रविवार. मी आतल्या खोलीत, ऊस हंगामाचा मजकूर संपवत होतो. नामा डोकावला, हातात साबणाच्या पाण्याचा तांब्या. "दादा, जरा बुडबुडे बघून येतो. मग जेवू." मी मान वर केली नाही. एक वाक्य नीट बसत नव्हतं.

थोड्या वेळाने फुस्स ऐकलं. लक्ष दिलं नाही. त्या आवाजाची घराला सवय झालेली.

मग कुसुमची किंकाळी.

गाडी पूर्ण बसलेली. बाहेर फक्त त्याचे पाय. मी धावत जाऊन दार उघडलं. किल्ली फिरवली की इंजिन चालू होईल, गाडी उठेल. किल्ली नव्हती. ती त्याच्या खिशात.

शेजारच्या रानातले गडी वासे घेऊन आले. वाशांनी उचलली. इंदापूरला नेलं एका टेम्पोतून. डॉक्टर टेम्पोतच चढून बघून उतरले.

नामाची पोर मिनी पुण्याहून कॉलेजातून आली ती आईला न भेटता सरळ गाडीपाशी गेली. तिला तिथनं कोण आणणार.

ते वाक्य अजून तसंच आहे. मजकूर दिला नाही. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

६ मार्च

पंचनाम्याला हवालदार. गाडी लिंबाखालून बाजूला घ्यायची म्हणून कुणीतरी किल्ली लावली. इंजिन गुरगुरलं आणि गाडी उठली. सहज. मागचा डावा कोपरा तेवढा खालीच राहिला. बाकी तीन पायांवर उभी. कुसुम आत होती, तिने बघितलं नाही. आबांनी बघितलं.

८ मार्च. बारामती

आमच्याच पेपरात आतल्या पानावर बातमी. 'गाडीखाली दुरुस्ती करत असताना पुरेशी काळजी न घेतल्याने.' इंदापूरच्या वार्ताहराने पंचनाम्यातून उचललेलं. त्याचा दोष नाही. मीही असंच उचलत आलो. त्या चार शब्दांच्या पलीकडे कुणाचं तरी घर असतं, एवढं ध्यानात येत नाही डेस्कवर.

गावात आता तेच. "सायेबाला गाडी कळली न्हाय." एस.टी.त माझ्या मागच्या बाकावरचा कुणी निमगावचा माणूस सगळी गोष्ट सांगत होता, मी कोण ते माहीत नसताना. शेवटी म्हणाला, "आपला ट्रॅक्टर बरा. बंद केला का बंद."

१२ मार्च. निरवांगी

दहावा काल झाला. पाहुणे गेले. कुसुमने चहा आणून ठेवला, उभीच राहिली.

"दादा, तुम्ही पहिले गेलात गाडीपाशी. दार उघडं होतं ना?"

मी म्हटलं, घाईत लक्षात नाही.

"ते दार उघडं टाकल्याशिवाय खाली शिरत नव्हते कधी. नैरोबीत मीच ओरडायचे, आत धूळ जाते म्हणून. तर म्हणायचे, धूळ जाऊ दे, मी राहतो." जरा थांबून, "मिनीने पेपर वाचला. म्हणते, पप्पा एवढे निष्काळजी कसे गं. तिला काय सांगू?"

चहा प्यालो. बेचव की गोड, आठवत नाही.

१३ मार्च

लक्षात आहे.

मूठ वर उचलली. खट्. दार बाहेर आलं, जड. मी ते उघडलं. म्हणजे ते लागलेलं होतं.

१६ मार्च. बारामती

लागलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरावर पेन फिरवलं. 'दार लागलं' आणि 'दार लावलं' यांतला फरक शिकाऊ पोरांना शिकवला. लागलं म्हटलं की कुणी नसतं. वारा असतो, उतार असतो. लावलं म्हटलं की माणूस आला, आणि वाचणारा लगेच विचारतो, कुणी?

वारा नव्हता त्या दिवशी. लिंबाचं पान हलत नव्हतं. आणि अंगणाला उतार आहे तो कॅनॉलच्या अंगाला. तिथे दार उघडं टाकलं की आणखी उघडतं. मी आज मुद्दाम सकाळी जाऊन बघून आलो. इंदूला म्हटलं, आबांना बघायला चाललोय. तेही खोटं नव्हतं.

नामा गाडीखाली. कुसुम मागे नळावर, धुणं. मी आत. आणि आबा.

पुढे लिहीत नाही.

२३ मार्च. निरवांगी

सलीम आला. सुतकात यायला जमलं नाही म्हणून स्वतःच एस.टी.ने आला. या वेळी ठोकळे घातले, जॅक लावला, मग वाकला. बराच वेळ बघत होता.

मागचा डावा फुगा फाटलाय. चांगला वीतभर.

मी विचारलं, आधी फाटला की गाडी बसताना?

"कसं सांगू, दादा? आदी फाटला आसंल तर एवढा कोपरा एकदम बसला आसंल. न्हायतर दार लागलं, डब्यानं चारी उतरवलं, आन् दबून फाटला. दोनी हुतंय." मग माझ्याकडे न बघता: "दार तर उघडं ठेवत हुते ना साहेब?"

मी म्हटलं, हो, ठेवत होता.

दोन्ही होऊ शकतं. दिवसभर त्या तीन शब्दांना धरून बसलो. फुगा फाटला असेल तर दाराचं काही नाही. कुणाचंच काही नाही.

पण मग दार का लागलेलं.

गाडी अजूनही उभ्या उभ्या उसासे टाकते. दुपारी घर शांत असतं आणि एकदम फुस्स. आबा दर वेळी बाजेवरून उठतात, अंगणात जातात, गाडीपासून हातभर लांब उभे राहतात. कुसुम कानात बोटं घालते. सलीमला म्हटलं, हे बंद कर. त्याने बॅटरीची वायर काढली. सवयीने बोलून गेला, "आता मेली," आणि जीभ चावली.

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्यायची व्हती रं."

३० मार्च. निरवांगी

कुसुमने सांगून टाकलं. "दादा, तुम्ही पेपरातले. एवढं छापून आणा, की ते दार उघडं ठेवूनच खाली गेले होते. निष्काळजी नव्हते. बाकी मला काही नको."

आणतो म्हटलं.

आबा तिथेच होते, शेळीच्या पाठीवरून हात फिरवत. हात थांबला नाही.

५ एप्रिल. बारामती

खुलासा लिहायला बसलो. सकाळपासून चार ओळी.

'दार उघडे असताना गाडी खाली बसत नाही.' ठीक. 'कै. नामदेव यांनी दार उघडे ठेवले होते.' ठीक. 'तथापि ते बंद झाल्याने.' इथे पेन अडतं. 'बंद झाल्याने' हे पेपरात चालतं, कोणी हरकत घेणार नाही. पण कुसुम पेपर वाचणारी नाही, ती वाक्य वाचणारी आहे. पहिल्या दोन ओळी छापल्या की तिसरी ती स्वतः लिहील. अंगणात कोण होतं ते तिलाही ठाऊक आहे. अजून तिचं मन तिकडे वळलेलं नाही, एवढंच. नवऱ्याच्या बापाकडे मन असं पटकन वळत नाही.

न छापावं तर नामा निष्काळजी राहतो. पोरीच्या मनात जन्मभर.

सलीमचं म्हणणं आठवलं, ठोकळ्यांचं. ते नामाने ऐकलं नाही, हेही खरं. हे कुणाला सांगू?

कागद घडी करून ठेवला.

१२ एप्रिल. बारामती

आबांना आठ दिवसांसाठी इकडे आणलंय. जेवण कमी. बोलणं त्याहून कमी.

आज इंदू फ्रिजमधनं दूध काढत होती. आबा आले. मी पेपर बाजूला केला, आता ढकलणार म्हणून. ढकललं नाही. भिंतीला हात धरून, एक गुडघा टेकून, हळूहळू खाली वाकले. फ्रिजच्या खाली बघितलं. मग दाराच्या मागे. मग उठले, आणि दार लावलं. बोटाने, आवाज होणार नाही असं.

इंदू म्हणाली, "आबा, काय पडलं?"

"काय न्हाय. बगतू."

ती हसली. तिला कळलेलं नाही. मी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

१४ एप्रिल

कपाट. तेच. मोरीचं दार, तेच. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी नाही, सलीम नाही. नामा दाराचं सांगत होता तेव्हा बाजेवर डोळा लागला नव्हता तर.

संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं असं ठरवून गेलो होतो. फुगा फाटला होता, आबा, दोन्ही होऊ शकतं, असं काहीतरी. त्यांनीच विचारलं, "शेळ्यांला पाला टाकती का रं कुसुम?"

"टाकते."

"मला घरी सोड."

ते वाक्य तसंच राहिलं. हे दुसरं.

२७ एप्रिल. निरवांगी

गाडी न्यायला उद्या पुण्याचं गिऱ्हाईक येणार. मिनीही उद्या येतेय, परीक्षा संपली. सलीम टेम्पो घेऊन आला, गाडी ओढून रस्त्यापर्यंत नेऊन ठेवायला. टेम्पोचं दार उघडंच टाकून तो दोर आणायला मागे गेला.

आबा बाजेवरून उठले. मी ओट्यावर होतो. कुसुम चहाचे कप घेऊन दारात.

आबा टेम्पोपाशी गेले. दाराला हात घातला. मग हात काढला. काठी जमिनीवर ठेवली, दोन्ही तळवे मातीत टेकले आणि ओणवे झाले. टेम्पोच्या खाली बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोळ्यांवर हाताची सावली धरून. मग उठायला जमेना. सलीम धावत आला, "आबा, आवं काय शोधताय? हाय कोण तितं?"

"कोण न्हाय ना? नीट बग. कोण न्हाय ना?"

"न्हाय ओ."

मग त्यांनी दार लावलं.

कुसुम कप हातात धरून दारातच थांबली. तिने बघितलं आबांकडे, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. मी नजर वळवायला हवी होती. वळवली नाही. तिला काय दिसलं असेल ते दिसलं.

कप ओट्यावर ठेवले आणि आत गेली. सलीमने चहा उभ्याने पिऊन गाडी ओढत नेली. चारी चाकांवर बसकी, अंगणाची माती खरवडत गेली. माझा चहा गार.

तिन्हीसांजेला शेळ्या आत घेतल्या. खोपटाचं दार उघडं. आबा बाजेवर, दाराकडे पाठ करून. मी चपला घातल्या, लावायला निघालो.

कुसुम बाहेर आली. डोळे धुतलेले. मला म्हणाली, "दादा, उद्या मिनीशी मी बोलते. तुम्ही काही बोलू नका." पेपराचं विचारलं नाही. खुलाशाचा कागद माझ्या खिशात होता.

मग तिने आबांना हाक मारली. रोज मारते तशी की वेगळी, मला ठरवता आलं नाही.

"आबा, शेळ्यांचं दार लावता का जरा?"

आबा हलले नाहीत. ती उभीच राहिली, मी एक पाय ओट्याखाली टाकून तसाच.

मग आबांनी काठी चाचपली. उठले.